गाडीच्या हिटरचा फॅन चालत नाहीये? मोटर बदलायच्या आधी हे करून बघा

हिटर लावला आणि हवाच आली नाही की लोक थेट नवीन ब्लोअर मोटर (फॅन फिरवणारी मोटर) घेऊन येतात, आणि ती बसवूनही फॅन हलत नाही तेव्हा डोक्याला हात लावतात. खरं तर फॅनचं बटण एकेका स्पीडवर फिरवून बघितलं तरी अर्धं उत्तर तिथेच मिळतं. एसीला आणि हिटरला बहुतेक गाड्यांत फॅन एकच असतो, त्यामुळे एसीवर चालतो आणि हिटरवर चालत नाही असं होत असेल तर लफडं फॅनचं नाही, कंट्रोलचं आहे.

आधी कान देऊन ऐका. फॅन फिरल्याचा आवाज येतोय पण हवा जेमतेम लागतेय, तर केबिन फिल्टर काढून बघा, धूळ आणि पाल्याने गच्च भरलेला असतो. हवा जोरात येतेय पण गार, तर फॅनला हातच लावू नका, कूलंटची लेव्हल आणि थर्मोस्टॅट बघा, तो वेगळाच विषय आहे.

आता सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. फॅन फक्त फुल स्पीडला चालतो, खालचे स्पीड मेलेले. असं असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून फॅन हळू करणारा पार्ट, गेलेला असतो. खालच्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातो, म्हणून मोटर हळू फिरते, आणि फुलवर टाकलं की रेझिस्टर बाजूला राहून मोटरला सरळ पूर्ण करंट मिळतो, म्हणून तेवढा एकच स्पीड जिवंत राहतो. उलटं असेल, म्हणजे खालचे स्पीड चालतात आणि फुलच चालत नाही, तर हाय स्पीडचा रिले (करंटने चालणारा स्विच) असेल तर तो, नाहीतर स्विचचा तेवढाच कॉन्टॅक्ट जळालेला असतो.

रेझिस्टर साधारण ग्लोव्हबॉक्सच्या मागे, ब्लोअरच्या जवळच डक्टमध्ये खोचलेला असतो, दोन स्क्रू आणि एक कपलर (वायरींचा प्लग), बास. तो हवेच्या वाटेतच ठेवलेला असतो कारण तो प्रचंड तापतो आणि फॅनच्या हवेनेच गार होतो. काढलात की कपलर नीट बघा, पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर कपलरही वायरच्या तुकड्यासकट बदला, जुन्या जळक्या कपलरमध्ये नवा रेझिस्टर टिकत नाही. आणि मुळात तो जळला का हेही शोधा. फिल्टर चोंदला असेल तर रेझिस्टरला गार करणारी हवाच कमी पडते, किंवा मोटरचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या रिंगा) सुकून ती जड फिरत असेल तर जास्त करंट ओढते. लोक रेझिस्टरवर रेझिस्टर बदलत बसतात आणि खरी दोषी मोटर मजेत बसलेली असते.

ऑटो क्लायमेट कंट्रोलवाल्या (टेंपरेचर आपोआप सांभाळणाऱ्या) गाडीत बहुधा हा साधा रेझिस्टर नसतो, त्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते गेलं की फॅन बहुधा एकतर पूर्ण बंद नाहीतर सतत फुलवर.

कुठल्याच स्पीडला काही नाही? मग फ्यूज. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकायचा मोह आवरा, फ्यूज वाचेल आणि वायरिंग पेटेल. नवाही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज चांगला असेल तर स्विच फुलवर ठेवून मोटरच्या बॉडीला स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलके ठोके द्या. फिरायला लागली तर कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) संपलेत, ठोकून काही दिवस ढकलता येतील पण मोटर बदलावीच लागणार.

ठोकूनही हलली नाही तर मल्टीमीटर काढा. मोटरचा कपलर लावलेलाच ठेवून, स्विच फुलवर असताना, मोटरच्या दोन पिनांमध्ये मोजा. एक पिन आणि बॉडी असं मोजू नका, कारण बऱ्याच गाड्यांत स्विच आणि रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात, तिथे इग्निशन चालू असलं की मोटरवर 12 व्होल्ट दिसतातच, मग फॅन बंद असला तरी. दोन पिनांमध्ये 12 च्या आसपास आले आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. नाही आले तर मोटर सोडा, रिले, स्विच आणि अर्थ शोधा. आणि साध्या मीटरने मोटरचा करंट मोजायला जाऊ नका, त्याची मर्यादा बहुधा 10 अँपिअर असते आणि फुलवर मोटर त्याहून जास्त ओढू शकते, त्यासाठी डीसी क्लॅम्प मीटर लागतो.

टकटक किंवा खरखर येत असेल तर आधी मोटर काढून पंख्यात काडी, पान वगैरे अडकलंय का बघा, बऱ्याचदा एवढंच निघतं. हळू स्पीडला चिरचिर येत असेल तर बुश सुकलेत, तेल टाकून थोडे दिवस शांत होतं, पण आवाज परत येतो.

पार्ट काढताना-बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, फॅन चालवून बघताना आणि मोजतानाच परत जोडा. डॅशबोर्डखाली पिवळ्या कपलरच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना अजिबात हात लावायचा नाही.

नवीन पार्ट बसवला की ग्लोव्हबॉक्स लगेच लावू नका. आधी सगळे स्पीड चालवून बघा, मग थोडा वेळ फॅन फुलवर ठेवून कपलरला हात लावा, कोमट असेल तर ठीक, हात टेकवत नाही इतका तापला तर पिन अजून सैल आहे.