तंबोऱ्याचा आवाज कापडात विणताना

आवाजावरून कापड विणायचं म्हटलं की बहुतेक जण मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करतात, पडद्यावर उमटलेली नागमोडी रेघ ग्राफ पेपरवर उतरवतात आणि तीच कापडात काढायला बसतात. माझ्याकडे माग शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी यापासून थांबवते. ती रेघ हवेच्या दाबाचा आलेख असते. हवेत आवाज तसा नागमोडी जात नाही. तार थरथरते, तिच्यालगतची हवा दाबली जाते, लगेच विरळ होते, आणि दाट-विरळीची ही रांग सरकत सरकत कानापर्यंत येते. दाट आणि विरळ होणं कापडाला फार सहज जमतं. फणीच्या, म्हणजे उभे धागे ओळीत धरणाऱ्या कंगव्याच्या, एका घरात (दोन दातांमधल्या फटीत) चार धागे ओवले आणि पुढे कमी करत एकावर आणले की झालं. आवाजाचं चित्र काढण्यापेक्षा आवाज जे करतो तेच कापडाला करू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मी मिरजेची, त्यामुळे आवाज म्हटलं की माझ्या कानात तंबोराच वाजतो. तुम्ही दुसरा कुठलाही स्थिर सूर घेऊ शकता, पण तंबोऱ्याची एक सोय आहे. पंचमात लावलेल्या तंबोऱ्यात खर्ज (खालचा सा), पंचम (प) आणि जोडीच्या तारांचा षड्ज (वरचा सा) यांच्या कंपनांचं प्रमाण २:३:४ असं पडतं. इतके सुटसुटीत आकडे विणकराला फुकट मिळत असतील तर घ्यावेत.

साहित्य साधं आहे. चार शाफ्टचा (उभे धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा) टेबल माग, सेंमीला ४ घरं असलेली फणी, २०/२ नंबरचं (दोन पदरी) कोरं सुती सूत ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, आणि निळीत रंगवलेलं सूत बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना. १०० ग्रॅम कोऱ्या सुतात २ मीटरचा पहिला ताणा होऊन वर उरतं. चकचकीत मर्सराइज्ड सूत इथे नको. ते घसरतं आणि विरळ जागेतले धागे धुताना एका बाजूला जाऊन बसतात. बाण्याला हातसुताची खादी मिळाली तर उत्तमच, तिच्या बारीक तंतूंची पकड चांगली असते. ताणा पांढरा आणि बाणा निळा ठेवण्याचं कारण असं की दाट जागी पांढरा वर दिसतो, विरळ जागी निळा. वेगळे रंगीत पट्टे घालायची गरजच पडत नाही.

पहिल्या नमुन्यात एकच सूर घ्या, षड्ज. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज सेकंदाला साधारण १३८ ते १३९ वेळा कंप पावतो आणि हवेत त्याची एक लाट जवळपास अडीच मीटर लांब असते. आपण ती ३ सेंमीत, म्हणजे फणीच्या १२ घरांत बसवणार आहोत. घरागणिक धागे असे ओवा: ४, ४, ३, २, १, १, १, १, २, ३, ४, ४. हे झाले ३० धागे. असं १२ वेळा केलं की ३६ सेंमी रुंदीला ३६० धागे होतात. हे आकडे कागदाच्या लांब पट्टीवर लिहून पट्टी फणीलाच चिकटवा, डोक्यात मोजत बसू नका.

शाफ्टमधली ओवणी मात्र सरळ ठेवायची: १, २, ३, ४, पुन्हा १, २, ३, ४. विणताना १-२, २-३, ३-४, ४-१ असे शाफ्ट उचला. जीनच्या कापडावर दिसते ती तिरपी रेघ यातून तयार होते. धागे दाट आहेत तिथे ही रेघ उभी चढते, विरळ आहेत तिथे आडवी पसरते. कागदावर एकही वळण काढलेलं नसताना कापडावर लाट दिसू लागते. मागावर हे पहिल्यांदा होताना बघण्यासारखं सुख नाही. पंख्याच्या आकाराची फणी वर-खाली करून उभे धागेच नागमोडी करण्याची पद्धतही आहे आणि जपानी विणकर ती सुंदर वापरतात, पण तिला खास फणी लागते.

आडवा धागा फणीने दाबायचा ठोका हलका हवा. सेंमीला ८ आडवे धागे पुरेत. जोर लावलात तर विरळ जागा बंद होतात आणि सगळं कापड एकसारखं होऊन बसतं. अर्धा-पाऊण मीटर विणल्यावर विरळ पट्ट्यांतले उभे धागे सैल पडू लागतात, कारण दाट पट्ट्यांतले धागे जास्त वाकतात आणि लवकर खर्ची पडतात. मागच्या बाजूला त्या सैल धाग्यांवरून आणि घट्ट धाग्यांखालून आडवी काठी सरकवा आणि तिला पाण्याची छोटी बाटली टांगा.

आता पूर्ण तंबोरा. ग्राफ पेपरवर ४८ घरांच्या तीन ओळी आखा. खर्जाच्या ओळीत १२ घरं भरा, १२ रिकामी सोडा. पंचमाच्या ओळीत ८ भरा, ८ सोडा. षड्जाच्या ओळीत ६ भरा, ६ सोडा. तिन्ही ओळी पहिल्या घरापासून भरायला सुरुवात करा आणि ४८ पर्यंत न्या. मग प्रत्येक घराखाली उभं बघा: भरलेले चौकोन किती, त्यात एक मिळवा. तेवढे धागे त्या घरात. पहिल्या ६ घरांत तिन्ही सूर एकत्र येतात म्हणून चार-चार धागे पडतात, शेवटच्या ६ घरांत तिघेही गप्प, तिथे एकेकच. मधला भाग कधी दोन, कधी तीन असा हलत राहतो. बेरीज १२० येते. असे तीन भाग केले की पुन्हा ३६० धागे. शेवटची कड विरळ आल्यामुळे काठाला चार-चार धाग्यांची दोन घरं जादा घाला. हे कापड पहिल्या नमुन्यासारखं नियमित दिसत नाही. हातभर अंतरावरून बघितलं की त्याची चाल लक्षात येते.

मागावरून उतरल्यावर कापड कोमट पाण्यात हातानेच धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सपाट वाळवा. पहिल्या धुण्यात धागे थोडे सरकून आपापली जागा घेतात आणि दाट-विरळीच्या कडा मऊ होतात. ते चांगलंच आहे. धुतल्याशिवाय नमुन्याबद्दल मत बनवू नका.

तिसरा प्रयोग माझा सगळ्यात आवडता, जोडीच्या तारांचा. दोन्ही तारा एकाच षड्जाला लावायच्या असतात. त्यांच्यात सेकंदाला एका कंपनाचा जरी फरक राहिला तरी आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. तंबोरा लावणारा ही आंदोलनं ऐकतच तारेतला मणी सरकवतो, ती मंदावत थांबेपर्यंत. कापडात यासाठी दोन थर लागतात. पहिला नमुना आहेच. दुसऱ्यात लाट ११ घरांची करा: ४, ४, ३, २, १, १, १, २, ३, ४, ४. बाकी सगळं तसंच. दोन्ही कापडं एकाच पाण्यात धुवा, म्हणजे सारखीच आटतील.

मग एकावर एक ठेवून खिडकीत धरा. दाटावर दाट येतं तिथे विरळ फटींतून उजेड आरपार येतो, दाटामागे विरळ येतं तिथे अंधारतं. १३२ घरांत, म्हणजे ३३ सेंमीत, एका कापडाच्या ११ लाटा बसतात आणि दुसऱ्याच्या १२. फरक एकाचा, म्हणून आंदोलनही एकच. मागचं ११ घरांचं कापड अडीच मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक घर बाजूला सरकवलंत तर अंधारा पट्टा ३ सेंमी सरकतो. म्हणून टांगताना दोन्ही कापडांच्या वरच्या कडा एकाच काठीला पक्क्या शिवा, खालच्या कडा मोकळ्या सोडा, आणि पंख्याचा वारा लागेल अशी जागा निवडा.