एकाच दगडावर अनेक खनिजे: खाणीतून नमुने गोळा करताना या चुका टाळा

पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींत खनिजांचे नमुने शोधायला येणारे बरेचसे नवखे संग्राहक चुनखडीच्या खाणींसाठी लिहिलेला सल्ला पाठ करून येतात, आणि पहिली गफलत तिथेच होते. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. त्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांतून पुढे खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि हुलँडाइट, स्टिलबाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट अशी खनिजे तिथे टप्प्याटप्प्याने वाढली. वाघोलीच्या खाणी जगभर ज्यासाठी ओळखल्या जातात ते निळे कॅव्हन्साइटही याच पोकळ्यांतले. कोणते खनिज कोणाच्या अंगावर बसले आहे, यावरून कोण आधी आले आणि कोण नंतर, हे वाचता येते. निळा गोळा तेवढा मोलाचा आणि बाकीचा कचरा, असे मानणाऱ्याच्या हातून हा क्रमच पुसला जातो.

सर्वांत वाईट चूक आम्लाची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. चुनखडीच्या खाणीतला क्वार्ट्झ मोकळा करायचा असेल, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कॅल्साइट विरघळवणे चालते, कारण क्वार्ट्झला त्या आम्लाने काही होत नाही. हुलँडाइट आणि स्टिलबाइट ज्या गटात मोडतात, त्या झिओलाइटांचे तसे नाही. त्यांतली बरीचशी त्याच आम्लात खराब होतात. बऱ्याच वर्षांपूर्वी वाघोलीच्या बाजूने मला तळहाताएवढा एक नमुना मिळाला होता. खाली हुलँडाइट, त्यावर स्टिलबाइटची गव्हाच्या पेंढीसारखी जुडी, आणि जुडीच्या कडेला मिऱ्याएवढे दोन निळे गोळे, जे कॅल्साइटाने अर्धेअधिक झाकलेले होते. मला ते पूर्ण दिसायला हवे होते, आणि तेही त्याच संध्याकाळी. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड प्लॅस्टिकच्या टबात पाणी घालून पातळ केले आणि नमुना त्यात सोडला. कॅल्साइट फसफसू लागले तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. अर्ध्या तासाने बाहेर काढले तेव्हा कॅल्साइट गेले होतेच, पण स्टिलबाइटची मोत्यासारखी चमकही गेली होती आणि जुडी खडूसारखी पांढरी पडली होती. निळ्या गोळ्यांना धरून ठेवणारे खरे तर ते कॅल्साइटच होते, त्यामुळे दोन्ही गोळे टबाच्या तळाशी सुटून पडले होते.

त्यावर दुसरी चूक मी त्याच रात्री केली: गोळे चिकटवले. काही दिवसांनी एका ज्येष्ठ संग्राहकांना तो नमुना दाखवला. त्यांनी भिंगातून एकदा पाहिले आणि म्हणाले, “अरे, हे जोडकाम आहे, नमुना नाही.” मला राग आला, पण त्यांचे म्हणणे बरोबर होते. कॅव्हन्साइटचे सुटे गोळे स्टिलबाइटवर चिकटवून विकण्याचा उद्योग जुना आहे, आणि विकत घेताना तो ओळखता आला नाही तर पैसे आणि नोंद दोन्ही खोटी ठरतात. मी गोळ्याच्या बुडाशी भिंगाने पाहतो. खरा गोळा खालच्या स्फटिकांच्या फटींत शिरून वाढलेला असतो, तर चिकटवलेल्याच्या भोवती बहुधा चकचकीत कड किंवा बारीक चुऱ्याची रांग दिसते. अतिनील टॉर्चखाली काही गोंद निळसर उजळतात, मात्र सगळेच उजळत नाहीत, म्हणून मी एकट्या टॉर्चवर विसंबत नाही.

सफाईसाठी मी साधे पाणी, जुना मऊ टूथब्रश आणि खराट्याचा हीर एवढेच वापरतो. एक ते दहाच्या मोह्स मापावर कॅल्साइटचा कठीणपणा ३, स्टिलबाइटचा सुमारे ३.५ ते ४ आणि अपोफिलाइटचा ४.५ ते ५ असतो, त्यामुळे पोलादी सुईने यांतल्या प्रत्येकावर ओरखडा उठू शकतो. हिराने तो उठत नाही. माती सुटायला चार दिवस लागत असतील तर चार दिवस लागू द्यावेत. ज्यांना इतका धीर नाही, त्यांनी या छंदात का पडावे, हे मला खरोखर कळत नाही. ओकेनाइटच्या कापसासारख्या गोळ्यांना मात्र पाणी आणि बोट दोन्ही लावू नयेत. त्यांचे तंतू एकदा चपटे झाले की पुन्हा उभे राहत नाहीत. ओला नमुना गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये, कारण झिओलाइटांच्या घडणीतच पाणी असते. १७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी या खनिजांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले, ते तापवल्यावर त्यांतून बाहेर पडणाऱ्या वाफेमुळेच.

हातोड्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्फटिकाजवळ छिन्नी लावू नये. अपोफिलाइट पायाशी समांतर इतके सहज दुभंगते की मागून बसलेल्या एका घावाने त्याचा माथा साफ उडतो. मी पोकळीभोवती चार बोटे काळा दगड राखतो आणि वजन निमूटपणे वाहून आणतो.

मालकाच्या किंवा मुकादमाच्या परवानगीशिवाय खाणीत उतरू नये. सुरुंगानंतर मुकादम स्वतः होकार देईपर्यंत नव्या दरडीजवळ जाऊ नये, आणि ढिगाऱ्यात वायर दिसली तर तिला हात न लावता त्याला बोलवावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याच्या काठाने चालू नये.

राहिली चिठ्ठी. नमुना कागदात गुंडाळण्याआधीच मी तिच्यावर खाणीचे ठिकाण, तारीख आणि खडकाची कोणती पातळी हे लिहितो, कारण घरी पोहोचेपर्यंत सगळेच ‘वाघोली’ होऊन जाते, आणि शहर वाढत गेले तशा बुजलेल्या खाणींत पुन्हा जाऊन खात्री करता येत नाही. तो आम्लाचा नमुना अजून माझ्या खणात आहे. त्याच्या चिठ्ठीवर ठिकाणाखाली लिहिले आहे: “आम्लाने धुतलेला. दोन गोळे चिकटवलेले.”