बेलारूसची आर्थिक आकडेवारी वाचताना या चुका टाळा

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियाने सरकारी कारखाने घाईघाईने खासगी हातांत दिले. बेलारूसमध्ये 1994 साली अलेक्झांडर लुकाशेंका अध्यक्ष झाले आणि मिन्स्कचा ट्रॅक्टर कारखाना, झोदिनोचा बेलाझ हा अवजड डंपर बनवणारा कारखाना, सालिहोर्स्कच्या पोटॅश (खतासाठी लागणारे खनिज) खाणी असे मोठे उद्योग सरकारकडेच राहिले. अशा देशाचे आकडे सरसकट खोटे मानणे ही पहिली चूक. नेमके काय मोजले आहे, हे न पाहणे ही त्याहून मोठी चूक.

उत्पादन वाढले म्हणजे विक्री वाढली, असे गृहीत धरू नये. वरून ठरवून दिलेले उद्दिष्ट गाठण्यासाठी कारखाना ट्रॅक्टर बनवत राहतो. गिऱ्हाईक न मिळालेला ट्रॅक्टर आवारात उभा राहिला तरी तो उत्पादनात मोजला जातो आणि त्यात अडकलेले भांडवल सरकारी बँकेच्या कर्जातून येते. म्हणून उत्पादनाच्या आकड्याशेजारी गोदामातील साठ्याचा आकडा ठेवूनच निष्कर्ष काढावा.

बेरोजगारीबाबत तर फारच फसगत होते. नोंदणीकृत बेरोजगारी अनेक वर्षे एक टक्क्याच्या आसपास दिसे. पण भत्ता इतका तुटपुंजा आणि सोबत सार्वजनिक कामाची अट अशी, की काम गमावलेले बहुतेक लोक नोंदणीच करत नसत. त्याच सरकारने 2015 मध्ये काम न करणाऱ्यांवर कर लावला आणि 2017 मध्ये त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. इथे घरोघरी केलेल्या पाहणीचा आकडाच ग्राह्य धरावा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वाढीचे सगळे श्रेय सरकारी मालकीला देणे. या वाढीमागे स्वस्त रशियन वायू आणि तेलही होते. 2006 मध्ये बेलारूसला रशियन वायू हजार घनमीटरला सुमारे 47 डॉलरला मिळत होता, पुढच्याच वर्षी तो 100 डॉलरवर गेला; शिवाय मझीर आणि नवापोलत्स्क येथील तेलशुद्धीकरण कारखाने स्वस्त रशियन तेलापासून इंधन बनवून युरोपला विकत होते. 2010 च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी पगार भराभर वाढवले गेले, त्यामागे मात्र तेवढी निर्यात नव्हती. 2011 मध्ये बेलारूसचा रूबल कोसळला, महागाई शंभर टक्क्यांवर गेली आणि वर्ष संपण्याआधी वायुवाहिन्यांची बेलट्रान्सगाझ ही कंपनी पूर्णपणे गाझप्रॉम या रशियन सरकारी वायू कंपनीच्या मालकीची झाली.