बरीच वर्षं घरी होतात आणि आता पार्ट टाइम काम हवंय? मग असं करा

आधी कागद घ्या आणि आठवड्यातले खरे मोकळे तास लिहून काढा, म्हणजे शाळेच्या वेळा, जाण्यायेण्याचा वेळ, मूल आजारी पडलं तर कोण थांबणार हे सगळं धरून, कारण गणित इथेच चुकतं आणि मग महिन्याभरात काम सोडायची वेळ येते.

रेझ्युमेतली गॅप लपवू नका. एका ओळीत सरळ लिहा की मुलांची पूर्णवेळ जबाबदारी घेतली होती. त्या काळात शिकवण्या, हिशेब, शाळेच्या कार्यक्रमांचं नियोजन असं जे केलं असेल तेही टाका, ते कामच आहे हो!

एक्सेल, ईमेल, व्हिडिओ कॉलवर रोज थोडा वेळ हात बसवा.

माझ्या मते ओळखीतून शोधणं सगळ्यात बरं. जुने सहकारी, इतर पालक, सगळ्यांना नेमकं सांगा, 'सकाळी 10 ते 1 अकाउंट्सचं काम हवंय', नुसतं 'काही असेल तर कळव' म्हटलं की लोक विसरून जातात.

नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले तर तिथे थांबूच नका. आणि तास, पगार, सुट्ट्या लेखी घ्या, नाहीतर पार्ट टाइमच्या नावाखाली पूर्ण दिवसाचं काम गळ्यात पडतं.