हसू आणि रडू एकाच दोरीला

ॲनिमेशनमध्ये यायचंय म्हणून भेटायला येणारी मुलं पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतात. कोणतं शिकू, किती महिने लागतील, लॅपटॉप कसला घेऊ? मी उत्तर देतो. ब्लेंडर फुकट आहे, त्यातल्या ग्रीस पेन्सिल या रेखाटनाच्या साधनानं स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची चौकटीचौकटींतली रेखाटनं, करता येतात, कामाच्या ठिकाणी बहुधा स्टोरीबोर्ड प्रो असतं, आणि दोन्ही हाताला बसायला फार दिवस लागत नाहीत. मग त्यांना बसवून घेतो आणि माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्मची गोष्ट सांगतो. लहानथोर एकत्र बसून बघतील असा ॲनिमेशनपट हसवतो कसा आणि गळा दाटून आणतो कसा, हे मला कॉलेजात समजलं नव्हतं. ते त्या सहा मिनिटांच्या फिल्मनं शिकवलं.

आम्ही चार मित्र होतो. पुण्यात भाड्याच्या खोलीत शनिवार-रविवार बसून काम करायचो. गोष्ट अशी: आबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही, म्हणून त्यांनी घराच्या दारावर घंटी टांगलीय आणि तिची दोरी ओसरीवर आणलीय. शेवटी नात चिऊ आईबाबांबरोबर शहरात राहायला जाते आणि आबा मागे राहतात. बस्स, एवढंच.

पहिल्या ॲनिमॅटिकमध्ये, म्हणजे स्टोरीबोर्डच्या चौकटी आवाजासकट सलग लावलेल्या कच्च्या फिल्ममध्ये, आम्ही विनोद ठासून भरले होते. आबांच्या डोक्यावर कोंबडी बसते, धोतर सायकलच्या चेनमध्ये अडकतं, शेणावरून पाय घसरतो. शेवटचं एक मिनिट आबा ओसरीवर बसून रडतात आणि मागे व्हायोलिन वाजतं. हे घेऊन आम्ही एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो, चौथीच्या वर्गाला दाखवायला. कोंबडीला मुलं खदखदून हसली. आबा रडायला लागले तशी चुळबुळ सुरू झाली. एका मुलानं पट्टीनं बाकावर ताल धरला. तो ताल मला अजून ऐकू येतो.

परत आल्यावर आम्ही ती रीळ एका अनुभवी स्टोरीबोर्ड आर्टिस्टना दाखवली. त्यांनी पूर्ण पाहिली आणि एवढंच विचारलं, “अरे, ही कोंबडी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर बसली असती तर पोरं हसली नसती का?” आम्ही म्हटलं, हसली असती. “मग तो तुमच्या आबांचा विनोद नाही. आणि शेवटी रडतायत ते आबा आहेत, की कुठलाही म्हातारा?”

आमची घंटी त्या सबंध फिल्ममध्ये एकदाच वाजत होती, नुसती गंमत म्हणून.

नव्याने येणाऱ्याला मला सांगायचंय ते इथे आहे. चांगल्या कौटुंबिक ॲनिमेशनपटात हसवायचा कप्पा वेगळा आणि रडवायचा वेगळा असं नसतं. ज्या खोडीवर तुम्ही हसता, तीच खोड पुढे तुमचा गळा दाटवते. पात्राचा स्वभाव एकच राहतो, भोवतालची परिस्थिती बदलते. ‘फाइंडिंग निमो’ (2003) मधली डोरी ही मासोळी आठवा. घडीघडी सगळं विसरते, म्हणून आपण तासभर तिला हसतो. आणि शेवटाकडे निमोचा बाप मार्लिन निघून जायला लागतो तेव्हा ती त्याला गयावया करते, कारण तो जवळ असला की तिला आठवतं, तो गेला की पुन्हा सगळं पुसलं जाईल. इथे नवं दुःख कुठून आणलेलं नाही. ज्या विसरण्यावर आपण हसत होतो त्याची किंमत काय, ते आता पहिल्यांदा दिसतं, इतकंच.

याच चित्रपटातला आणखी एक धडा रचनेचा आहे. सुरुवातीच्या मसुद्यांत मार्लिनची बायको आणि अंडी गमावल्याचा प्रसंग फ्लॅशबॅकच्या तुकड्यांमधून थोडा थोडा उलगडत होता. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी तो उचलून अगदी सुरुवातीला आणला. त्याआधी मार्लिन कटकट्या, पोराला श्वास घेऊ न देणारा बाप वाटत होता. प्रसंग पुढे आल्यावर त्याची तीच कटकट गोड वाटायला लागली. शाळेच्या पहिल्या दिवशी घराबाहेर पडायचं, पुन्हा आत यायचं, पुन्हा बाहेर बघायचं, हे सगळं आता आपण हसत हसत आणि जीव मुठीत धरून बघतो. संवाद तेच ठेवून प्रसंगाची जागा हलवली तरी पात्राकडे बघायची नजर बदलते. बोर्ड कितीही सुंदर काढले असले तरी क्रम चुकला की सगळं फुकट जातं, हे मी तिथे शिकलो.

आता ‘अप’ (2009). पीट डॉक्टर यांचा हा चित्रपट म्हणजे फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन करणारा पहिला ॲनिमेशनपट. कार्ल आणि एली या नवराबायकोच्या सबंध संसाराची सुरुवातीची चारेक मिनिटं सगळ्यांनाच आवडतात, पण आवडणं वेगळं आणि अभ्यासणं वेगळं. कागद-पेन्सिल घ्या, आवाज बंद करा आणि फक्त वस्तू लिहीत जा. टाय. बरणी. टेकडी. फुगा. त्या तुकड्यात एकही संवाद नाही. सगळं या वस्तू बोलतात. एली रोज कार्लच्या टायची गाठ मारते. टाय बदलत जातात, बदलता बदलता केस पांढरे होतात. प्रवासासाठी पैसे साठवायची बरणी टायर फुटल्यावर फुटते, पाय मोडल्यावर फुटते, छपरावर झाड पडल्यावर फुटते. लागोपाठ फुटताना ती विनोदासारखी वाटते, आपण हसतोही. आणि त्याच हसण्यात त्यांची सहल कायमची राहून गेलेली असते.

टेकडीकडे नीट बघा. तरुणपणी एली भरभर पुढे पळते, कार्ल धापा टाकत मागे. म्हातारपणी कार्ल पुढे असतो आणि चढता चढता एली कोसळते. दोन्ही वेळा चढ तोच. बदललं ते फक्त पुढे कोण आणि मागे कोण. फुग्याचंही तसंच. लहानपणी हात मोडून अंथरुणात पडलेल्या कार्लच्या खोलीत खिडकीतून फुगा येतो, तो दचकतो, आपण हसतो. पुढे हॉस्पिटलमध्ये एलीच्या खाटेकडे तसाच फुगा तरंगत येतो. पहिल्या वेळी हसलो नसतो तर दुसऱ्या वेळी काही वाटलंच नसतं. हसताना प्रेक्षक ती वस्तू नकळत जवळ ठेवून घेतो. मायकल जियाकिनो यांच्या संगीतातही हेच आहे: एकच वॉल्ट्झची धून आधी बागडते, आणि अखेरीला एकट्या पियानोवर थबकत थबकत येते.

यानंतरचा प्रसंग कुणी फारसा लक्षात ठेवत नाही, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एली गेली, पडदा काळा झाला. आणि लगेच कार्ल जिन्यावरच्या यांत्रिक खुर्चीत बसून अत्यंत सावकाश खाली येतो, मागे ‘कार्मेन’ ऑपेरातलं ठसकेबाज संगीत. डोळे अजून ओले असताना आपल्याला हसू येतं. पण ती खुर्ची कार्लची अवस्थाच सांगते: एकटा, आखडलेला, रोज त्याच वेगानं त्याच वाटेवर. त्याचं डोकं, जबडा, चष्मा, सगळं चौकोनी आहे आणि शेजारी येणारा छोटा मुलगा रसेल अंड्यासारखा गोल. ती आकृतीच निम्मं काम करते.

डग नावाचा कुत्राही तसाच. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याला बोलता येतं आणि पहिल्या भेटीतच तो सांगून टाकतो की तुम्ही मला फार आवडता. थिएटर हसतं, कारण कुत्रे असेच असतात. पुढे कार्ल त्याला झिडकारतो. तरी तो कार्लच्या उडत्या घराच्या ओसरीखाली लपून बरोबर येतो आणि पुन्हा तेच सांगतो. तेच प्रेम, तितक्याच भोळेपणानं. या वेळी ऐकणारा माणूस एकटा उरलेला असतो, म्हणून ते काळजाला भिडतं.

आमच्या आबांकडे परत येतो. कोंबडी, सायकल, शेण सगळं काढून टाकलं. त्या जागी फक्त घंटी. आजी पाण्याला निघाली की डबल बेल. म्हैस चरायला निघाली की डबल बेल, आणि म्हैससुद्धा ती ऐकल्याशिवाय पाऊल उचलत नाही. एकदा आजी चष्मा विसरून निघते, तेव्हा आबा सिंगल बेल देतात: टिंग. सगळं घर जागच्या जागी थिजतं, म्हशीचा पाय हवेत. एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे महाराष्ट्रातल्या पोराला समजावावं लागत नाही. चिऊला दोरी ओढायची फार हौस, पण हात पुरत नाही. ती उड्या मारते आणि आबा दोरी आणखी वर गुंडाळून ठेवतात, कारण बेल कंडक्टरनंच द्यायची.

शेवटच्या दिवशी अंगणात टमटम उभी. सामान चढलं, चिऊ बसली. सगळे आबांकडे बघतात. आबा दोरी धरतात. टिंग. आणि दुसरी बेल येत नाही.

या पहिल्या ‘टिंग’नंतरची शांतता किती ठेवायची ते ठरवायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला. आधी बारा फ्रेम ठेवल्या, म्हणजे अर्धा सेकंद. ती साध्या डबल बेलमधल्या खंडासारखीच वाटली. छत्तीस ठेवल्या तर आबा विसरले की काय असं वाटलं. अखेर चौऱ्याऐंशी फ्रेमवर थांबलो, साडेतीन सेकंद. एवढ्या वेळात पडद्यावर जवळजवळ काही नाही: दोरीवरची मूठ, तिची एक करंगळी सैल होते, टमटमवाल्याचा ब्रेकवरचा पाय. मग चिऊ उतरते, धावत येते, उडी मारते, हात पुरत नाही. आबा तिला उचलून धरतात. दुसरी बेल ती देते. व्हायोलिन आम्ही काढून टाकलं. फक्त टमटमचं इंजिन ठेवलं.

त्याच शाळेत पुन्हा गेलो, नव्या चौथीला दाखवायला. पहिल्या ‘टिंग’ला वर्ग हसला, कारण आजीचा चष्मा लक्षात होता. मग ते हसू हळूहळू विरत गेलं. त्या साडेतीन सेकंदांत ते विरताना मी माझ्या कानांनी ऐकलं. हे पुस्तकात वाचून कळत नाही.

म्हणून सांगतो, काम दाखवताना पडद्याकडे पाहू नका, मुलांकडे पाहा. मुलं खोटं बोलत नाहीत आणि शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवत नाहीत. कुठल्या फ्रेमला पाय हलायला लागले, ते लिहून ठेवा. मोठ्यांसाठी म्हणून वेगळे टोमणे पेरायची जी पद्धत आहे, ती मला पटत नाही. आईबाप हसतात, मूल त्यांच्या तोंडाकडे बघतं, आणि त्या क्षणी एकत्र बसून पाहणं संपतं. त्या चौथीच्या वर्गशिक्षिका आणि मुलं एकाच फ्रेमला गप्प झाली. तसं व्हायला हवं.

पुन्हा पुन्हा लिहायची लाज बाळगू नका. ‘टॉय स्टोरी’चं (1995) अर्धवट झालेलं रूप 1993 च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेला दाखवलं तेव्हा त्यातला खेळण्यातला काउबॉय वुडी इतका दुष्ट आणि खवचट झाला होता की काम थांबवून पटकथा नव्याने बांधावी लागली. ‘इनसाइड आउट’मध्ये (2015) भावनाच पात्रं आहेत; तिथे आनंदाबरोबर प्रवासाला आधी भीती होती, काही वर्षांच्या कामानंतर तिच्या जागी दुःख आलं आणि मग चित्रपटाला त्याचा अर्थ सापडला. तुमची तिसरी आवृत्ती जमली नाही म्हणजे तुम्हाला येत नाही असं नव्हे.

शिक्षणाचं थोडक्यात. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशन शिकवतात, दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा असते. तिथे नंबर लागला नाही तरी स्टोरीबोर्डची दारं बंद होत नाहीत. कामाला माणसं निवडताना मी पदवी शेवटी बघतो. आधी बघतो तो एक सीक्वेन्स, तीस-चाळीस चौकटींचा, ज्यात एका माणसाची एक खोड दिसते आणि ती दोनदा वेगळ्या अर्थाने येते. रेखाटन कच्चं असलं तरी चालतं, काड्यांची माणसं असली तरी चालतात. वीस सुंदर पोस्टर घेऊन येणाऱ्यापेक्षा असा एक सीक्वेन्स आणणाऱ्याशी मी जास्त वेळ बोलतो.

आणि तो सीक्वेन्स स्वतःच्या आवाजात ॲनिमॅटिक करून आणा. फोनवर रेकॉर्ड केलेला स्क्रॅच, म्हणजे कच्चा, आवाज पुरतो. खोड शोधायला लांब जावं लागत नाही. घरातलं कुणी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतं, कुणी पाहुणा निघाला की त्याची चप्पल सरळ करून ठेवतं. आठवडाभर त्या एका माणसाकडे बघा, रोज दहा छोटी रेखाटनं करा. मग स्वतःला विचारा, ही चप्पल सरळ करायची सवय कुठल्या दिवशी कुणालाच हसवणार नाही? तो दिवस सापडला की पहिली चौकट काढायला घ्या.