घरून काम करणारी पोरं टिकवायची असतील तर आधी त्यांच्या लाईटचं बघा

लातुरात माझं जीएसटी रिटर्न भरायचं ऑफिस आहे, पाच पोरं-पोरी औसा, उदगीर, अहमदपूरकडून घरूनच काम करायलेत. आधी मी दर तासाला फोन करायचो, "कुठपर्यंत आलं?" दोघं सोडून गेले तेव्हा कळलं की काम नाही, ही पाळत नको होती त्यांना.

आता एकच करतो. 11 ला जीएसटीआर-1 (महिन्याच्या विक्रीचं रिटर्न) आणि 20 ला 3बी (टॅक्स भरायचं रिटर्न), या तारखा पाळायच्या, बाकी सकाळी करा नाहीतर रात्री, मी विचारत नाही. आणि पहिल्या पगारासोबत प्रत्येकाला राऊटरचा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी नेट चालू ठेवणारी छोटी बॅटरी, घेऊन दिला, बहुतेक राऊटर 12 व्होल्टचेच असतात पण घेताना अडॅप्टरवर बघून घ्या, नाहीतर बदलत बसावं लागतं. लाईट गेली की औशाची पोरगी लॅपटॉप उचलून गच्चीवर जायची, मोबाईलची रेंज शोधत, एका हातात फोन एका हातात बिलांची फाईल. आता घरातच बसून काम उरकते.

आणखी एक, वेळ अमावस्येची (आपल्याकडचा शेतातला सण) सुट्टी मागायच्या आधीच देऊन टाका, त्या दिवशी सगळं घर शेतात असतं, भज्जी-आंबील सोडून कोण एक्सेल उघडणार, आणि उघडायला लावूच नये. सोयाबीन काढणीत पण दोन-तीन दिवस इकडंतिकडं होणारच.

पगार मात्र 1 तारखेलाच टाका, घरून करतोय म्हणून कमी तर अजिबातच देऊ नका.