फ्रीबीएसडीवर डेस्कटॉप दिसत नसेल तर खालून वर तपासा

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल झाल्यावर समोर फक्त काळा पडदा आणि लॉगिनची ओळ दिसते. त्यात काही बिघडलेलं नाही. इथे डेस्कटॉप चार थरांत उभा करावा लागतो: कर्नलमधला (प्रणालीच्या गाभ्यातला) ग्राफिक्स ड्रायव्हर, त्यावर एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या काढणारा प्रोग्रॅम), त्यावर डेस्कटॉपचं सेशन आणि सगळ्यात वर लॉगिन मॅनेजर. चारही एकदम चालू करून रीबूट केलं आणि पडदा काळाच राहिला, तर नेमकं काय अडलं ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून खालचा थर चालल्याशिवाय वरच्याला हात लावू नका.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाइप करायची. इन्स्टॉल करण्याच्या आणि सेटिंग बदलण्याच्या आज्ञा रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून, पण ‘स्टार्टएक्स’ नेहमी साध्या वापरकर्त्याच्या लॉगिनमधूनच.

एक तयारी आधीच करून ठेवा: दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरू देणारी एसएसएच सेवा चालू करा. ‘सिसआरसी एसएसएचडी_एनेबल=येस’ आणि मग ‘सर्व्हिस एसएसएचडी स्टार्ट’. ग्राफिक्स गोठलं की कीबोर्डही बहुधा दाद देत नाही, पण आत मशीन चालूच असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरता आलं तर लॉग वाचता येतो आणि बटण दाबून मशीन बंद करायची पाळी येत नाही.

कर्नलचा ड्रायव्हर

सगळ्यात जास्त अडचणी इथेच येतात, त्यामुळे इथे घाई करू नका. ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ चालवून कार्ड कोणतं ते बघा. इंटेल किंवा एएमडी असेल तर ‘पीकेजी इन्स्टॉल डीआरएम-केमॉड’. मग मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा) हाताने लोड करा: इंटेलसाठी ‘केएलडीलोड आय९१५केएमएस’, अलीकडच्या एएमडीसाठी ‘एएमडीजीपीयू’, जुन्या रेडिऑनसाठी ‘रेडिऑनकेएमएस’. पडदा क्षणभर मिटून कन्सोलची अक्षरं बारीक झाली, तर ड्रायव्हरने ताबा घेतला. खात्रीसाठी ‘एलएस /डेव/डीआरआय’ करा. ‘कार्ड०’ दिसायला हवं.

हाताने लोड झाल्यावरच ते कायमचं करा: ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस’. यातलं अधिकचं चिन्ह विसरू नका. ते सुटलं तर यादीत आधी असलेली सगळी मॉड्यूलं पुसली जातात आणि पुढच्या बूटला भलतंच काहीतरी बंद पडतं. हे मॉड्यूल लोडर.कॉन्फमध्ये टाकायचा सल्ला जुन्या लेखांत सापडेल. तो पाळू नका, जागा ‘सिसआरसी’ जिथे लिहिते ती आरसी.कॉन्फच आहे.

लोड करताना ‘व्हर्जन मिसमॅच’ आलं, तर मॉड्यूल एका कर्नलसाठी बांधलेलं आहे आणि चालू आहे दुसरंच. प्रणाली अपग्रेड केल्यावर हे बऱ्याचदा होतं, कारण तयार पॅकेजं त्या शाखेतल्या चालू असलेल्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर बांधली जातात. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू’ने डिस्कवरचं कर्नल, चालू कर्नल आणि बाकीची प्रणाली, तिन्हींच्या आवृत्त्या एकाखाली एक दिसतात. पहिल्या दोन वेगळ्या असतील तर आधी रीबूट करा. तरीही अडलं तर तोच ड्रायव्हर पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्रॅम बांधायच्या संग्रहातून) बांधा. त्यासाठी /यूएसआर/एसआरसी मधला सोर्स चालू कर्नलचाच हवा. नव्या आवृत्त्यांत कर्नल मॉड्यूलांसाठी स्वतंत्र रेपॉझिटरी आहे, ती वापरली तर हा त्रास बराच वाचतो.

बूट होतानाच मशीन अडकलं तर बूट मेनूत २ दाबून सिंगल यूझरमध्ये (दुरुस्तीसाठीच्या मोजक्या मोडमध्ये) जा. ‘माउंट -यू /’, डिस्कवर झेडएफएस फाइल सिस्टिम असेल तर त्यानंतर ‘झेडएफएस माउंट -ए’, आणि ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट-=आय९१५केएमएस’.

एक्सऑर्ग

आधी स्वतःला ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये घाला: ‘पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम’ आणि पुढे आपलं लॉगिन नाव. त्यानंतर पूर्ण लॉगआउट करून परत या. ग्रुप नव्या लॉगिनलाच लागू होतो. ‘आयडी’च्या उत्तरात ‘व्हिडिओ’ दिसला की पुढे चला. हे राहिलं तर पडदा येईलही, पण ग्राफिक्सचा वेग मिळणार नाही.

आता ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सऑर्ग टीडब्ल्यूएम एक्सटर्म एक्सक्लॉक’ आणि मग ‘स्टार्टएक्स’. घड्याळ आणि साध्या टर्मिनलच्या खिडक्या दिसल्या, माउस हलला, की खालचे दोन्ही थर ठीक आहेत. दिसायला ओबडधोबड असलं तरी चाचणीला यापेक्षा चांगलं काही नाही. ‘लॉगिन’ नावाच्या खिडकीत ‘एक्झिट’ दिलं की बाहेर.

नाही दिसलं तर ‘/व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग’ उघडा. कंसात ईई म्हणजे चूक, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे इशारा, दोन फुल्या (**) म्हणजे तुमच्या कॉन्फिग फाइलमधून आलेली सेटिंग. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ ही शेवटची ओळ शोधत बसू नका, तो परिणाम आहे. कारण तिच्या वर, पहिल्या ईईपाशी असतं. आणि दोन फुल्यांच्या ओळीत जुन्या ड्रायव्हरचं नाव दिसलं, तर कुठेतरी एक्सऑर्ग.कॉन्फ पडून आहे. ती बाजूला हलवा. आजचं एक्सऑर्ग बहुतेक हार्डवेअर स्वतःच ओळखतं.

सेशन

एक्सएफसीई हा डेस्कटॉप आणि प्रोग्रॅमांमध्ये निरोप पोचवणारी डीबस सेवा: ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सएफसीई’, ‘सिसआरसी डीबस_एनेबल=येस’, ‘सर्व्हिस डीबस स्टार्ट’. होम फोल्डरातल्या डॉट-एक्सइनिटआरसी फाइलीत एकच ओळ लिहा: ‘एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४’. ‘एक्झेक’नंतरच्या ओळी कधीच चालत नाहीत, म्हणून आणखी काही चालवायचं असेल तर ते तिच्या वर लिहा आणि शेवटी अँपरसँड (&) द्या, तो नसेल तर तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत डेस्कटॉप सुरूच होणार नाही.

लॉगिन मॅनेजर

‘स्टार्टएक्स’ने डेस्कटॉप नीट आल्यावरच ‘लाइटडीएम’ हा लॉगिन मॅनेजर आणि सोबत ‘लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर’ घ्या. ग्रीटर, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणारा भाग, वेगळं पॅकेज आहे. ते राहिलं तर लाइटडीएम सुरू होताच पडतं. मग ‘सिसआरसी लाइटडीएम_एनेबल=येस’. इथून आत गेल्यावर डॉट-एक्सइनिटआरसी वाचली जात नाही, त्यामुळे तिथे लिहिलेली सेटिंग गायब झाल्यासारखी वाटते.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२ने कन्सोलवर जा. ‘डीएफ -एच’ने डिस्क भरली आहे का ते बघा, आणि ‘एलएस -एल’ने होममधल्या डॉट-एक्सऑथॉरिटी फाइलीची मालकी. ती रूटकडे गेली असेल तर ‘चोन’ने परत आपल्या नावावर करा आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ९ने लॉगिनच्या पडद्यावर परत या.